बुडखा कोण खातं?

आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा एक रामबाण उपाय येऊन पडला. तोडलेल्या झाडाच्या बुडख्याला ड्रिलने भोकं पाडा, त्यात हिंग, मोरचूद आणि खडेमीठ ठासून भरा, वरून मेण ओता. एकवीस दिवसांत बुडखा भुसा होऊन हाताने निघेल. खाली सात अंगठे, दोन नमस्कार. पाठवणाऱ्या काकू शेजारच्याच. "काकू, यातलं मोरचूद बुडखा टिकवायला घालतात," असं मी कुंपणावरून म्हटलं, तर म्हणाल्या, "मग तुम्हीच लिहा की!" म्हणून हा लेख.

आधी दोन कामं वेगळी करू. बुडखा मारणं हे एक, तो नाहीसा करणं हे दुसरं. सुबाभूळ, निलगिरी, साग, पिंपळ ही झाडं बुंध्याशी तोडली तरी मरत नाहीत. शेंडा असतो तोवर तिथून खाली झिरपणारं ऑक्सिन नावाचं संप्रेरक सालीखालच्या झोपलेल्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की दाब गेला, आणि मुळांत साठवलेल्या स्टार्चवर धुमारे फुटतात. ते कोवळे असतानाच खुडत राहायचं. प्रत्येक धुमाऱ्यापायी मुळांच्या ठेवीतून खर्च होतो आणि पानंच नसल्याने जमा काही होत नाही. माझ्या परसातल्या सुबाभळीचं खातं रिकामं व्हायला जवळजवळ वर्ष लागलं. (झाड तोडायला शहरात वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. 1975 पासून महाराष्ट्रात तसा कायदा आहे.)

खरी गंमत त्यानंतर सुरू होते. मेलेला बुडखा आपोआप कुजतो असं आपण धरून चालतो. आपोआप काहीच कुजत नाही. पुण्याच्या विश्रामबागवाड्यातले सागवानी खांब दोनशे वर्षांहून जास्त काळ उभे आहेत. सागाच्या अंगात कीड-बुरशीला न मानवणारी रसायनं आहेत हे खरं, पण मोठी राखण कोरडेपणाची. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या खाली राहिला की ते कुजत नाही. उलट टोकाला, पाण्यात पूर्ण बुडालेलं लाकूडही शतकानुशतकं टिकतं, कारण तिथे हवा पोचत नाही. विहिरीच्या तळाशी जांभळाचं लाकूड टाका, पाणी शुद्ध होतं, असे जे संदेश फिरतात, त्यांत खरं एवढंच की लाकूड पाण्याखाली टिकतं. ते पाण्याला शुद्ध करतं म्हणून टिकतं, हा जोड पाठवणाऱ्यांचा. ओल हवी आणि हवाही हवी, दोन्ही एकदम. हे ऐकून कोणाची आठवण येते? अर्थात, श्वास घेणाऱ्या जिवाची. बुडखा कुजत नसतो, त्याला कोणीतरी खात असतं. ते कोणीतरी म्हणजे मुख्यतः बुरशी.

आता लाकूड खाणं किती अवघड आहे ते बघा. कोकणातली कुडाची भिंत डोळ्यांसमोर आणा: आत कारवीच्या काठ्या, वरून मातीचा लेप. लाकडातल्या काठ्या म्हणजे सेल्युलोज. तो ग्लुकोजच्या मण्यांची लांबलचक माळ असतो, म्हणजे शेवटी साखरच. लेप म्हणजे लिग्निन, लाकडाच्या वजनाचा साधारण पाव हिस्सा. सेल्युलोजच्या माळेत प्रत्येक गाठ सारखी, त्यामुळे एका प्रकारचं विकर (एन्झाइम) ओळीने गाठी सोडवत जाऊ शकतं. लिग्निनमध्ये तसं काही नाही. बेंझीनची कडी एकमेकींना वेगवेगळ्या तऱ्हेने, वेगवेगळ्या कोनांत, कसल्याच क्रमाशिवाय जोडलेली. कुलूप-किल्लीचा हिशेब इथे चालत नाही, कारण प्रत्येक कुलूप निराळं. शिवाय विकराचा रेणू इतका थोराड की ताज्या लाकडाच्या बारीक छिद्रांत तो शिरतच नाही.

मग बुरशी काय करते? ती किल्ली बनवण्याच्या फंदात पडत नाही, आग लावते. फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम या बुरशीत 1983 साली लिग्निन पेरॉक्सिडेज हे विकर सापडलं. त्याच्या पोटात आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनसारखाच हीम असतो, मध्यभागी लोखंडाचा अणू असलेला. बुरशी स्वतःच हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते. ते या लोखंडापाशी आलं की लोखंड आणि त्याभोवतीचं हीमचं कडं मिळून दोन इलेक्ट्रॉन गमावून बसतं आणि अक्षरशः इलेक्ट्रॉनांचं भुकेलं होतं. मग ते समोर येईल त्या बेंझीनच्या कड्याकडून एक इलेक्ट्रॉन हिसकावतं. कड्यावर धनभार येतो, एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना उरतो, आणि ही अस्वस्थता शेजारच्या दोन कार्बनांमधला बंध तुटून संपते. आत शिरायची अडचण असेल तर विकर व्हेराट्रिल अल्कोहोलसारख्या चिमुकल्या रेणूचा इलेक्ट्रॉन काढून घेतं. त्याच्या भाऊबंदांपैकी एक विकर मँगनीजचा भार दोनावरून तीनावर नेतं. अशी पेटवलेली लहान पोरं लाकडाच्या छिद्रांत धाडून दिली की पुढची तोडफोड ती करतात. कोणता बंध तुटेल हे बुरशीलाही माहीत नसतं. शास्त्रज्ञ याला 'विकरांकरवी ज्वलन' म्हणतात आणि ते नुसतं अलंकारिक नाही. चुलीत गेलेलं लाकूड आणि बुरशीने पुरतं खाल्लेलं लाकूड, दोन्हींचा शेवट कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यातच होतो, बाहेर पडणारी ऊर्जाही एकूण तेवढीच. चुलीला तास लागतो, बुरशीला वर्षं.

लाकूड खाणाऱ्या काही बुरशी अंधारात उजळतातसुद्धा. भीमाशंकरच्या रानात पावसाळ्याच्या काळोख्या रात्री ओल्या, कुजक्या फांद्या हिरवट उजळतात. हा प्रकाश लाकूड खाणाऱ्या बुरशीचा. पलीकडच्या वाड्यात उंबराचा बुडखा आहे. त्यावर मुंजा राहतो म्हणून कोणी गडी कुऱ्हाड उचलत नाही. मी दोन रात्री टॉर्च बंद करून बसलो. मुंजा नाही आणि दुर्दैवाने बुरशीचा उजेडही नाही, डास तेवढे भेटले.

इथे एक लाडकी दंतकथाही खोडून काढतो. 'पूर्वी लिग्निन खाणारी बुरशीच नव्हती, म्हणून झाडं साचली आणि कोळसा झाला,' हे विज्ञानाच्या व्हिडिओंत हमखास ऐकू येतं. 2012 मध्ये बुरशींच्या जनुकांची तुलना करून अशा बुरशीचा उगम कार्बोनिफेरस युगाच्या (जगातला बराच कोळसा ज्यात साचला त्या काळाच्या) शेवटाच्या आसपास असावा असं सुचवलं गेलं, तिथून ही कथा फोफावली. 2016 मध्ये भूशास्त्राच्या बाजूने तिला जोरदार उत्तर मिळालं. आपल्याला लांब जायलाच नको. चंद्रपूरचा कोळसा पर्मियन युगातला, म्हणजे त्यानंतरचा. तेव्हाही झाडं दलदलीत बुडत होती, वर गाळ साचत होता आणि हवा तुटत होती. विहिरीतल्या जांभळाचीच गोष्ट, फक्त फार मोठ्या प्रमाणावर.

आता काकूंचा उपाय तपासू. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. नाशिकच्या कुठल्याही द्राक्ष बागायतदाराला विचारा, चुन्याबरोबर कालवून त्याचं बोर्डो मिश्रण होतं आणि ते 1885 पासून बुरशी मारायला वापरतात. लाकूड टिकवण्याच्या औषधांतही तांबं असतं. म्हणजे बुडख्यात मोरचूद भरणारा माणूस त्याचं लोणचं घालतोय. मिठाचंही तेच, वर शेजारची जमीन नापीक होते. हिंगाची कथा जरा मजेची. हिंगाच्या झाडाचं शास्त्रीय नाव फेरुला. त्याच्या चिकापासून 1866 मध्ये पहिल्यांदा वेगळं काढलेलं आम्ल म्हणून त्याला फेरुलिक आम्ल म्हणतात, आणि ते लिग्निनच्याच भावकीतलं! घरातला बांधणी हिंग मात्र बराचसा पीठ आणि डिंक असतो, तेव्हा त्याने मुंग्यांचं जेवण होईल. डिझेल ओतून पेटवणारेही आहेत. ओला बुडखा वरवर करपतो, आणि मुळं मात्र जमिनीखाली कित्येक दिवस धुमसत राहू शकतात.

युरिया टाका, असा सल्ला शेतकी मंडळी देतात. तो अर्धा बरोबर आहे. युरियात 46 टक्के नायट्रोजन, आणि लाकडात कार्बनच्या मानाने नायट्रोजन शेकडो पटींनी कमी, म्हणजे बुरशीची उपासमारच. सुरुवातीला सेल्युलोज खाताना त्याचा फायदा होतो. पण फॅनेरोकीटमध्ये लिग्निन जाळणारी यंत्रणा सुरूच होते ती नायट्रोजन संपत आल्यावर! पोट भरलेलं असलं की ती लिग्निनला हात लावत नाही. सगळ्या बुरशी अशा वागत नाहीत, तरी मुठी भरभरून युरिया ओतण्यात शहाणपण नाही. काकूंच्या हातातलं युरियाचं पुडकं मी मागून घेतलं.

मी काय केलं? भोकं पाडली, खोल आणि तिरकी, म्हणजे पाणी आणि हवा दोन्ही आत जातील. भोकांत काही भरलं नाही. वर पालापाचोळा आणि मूठभर कुजकं लाकूड टाकलं, उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी. दुसऱ्या जुलैत कडेला पांढऱ्या छत्र्या आल्या (त्या खायच्या नाहीत, अळंबी ओळखणारी आजी घरात असली तरीही). वाळवी आली तिलाही येऊ दिली, फक्त घराच्या भिंतीकडे जाणारी मुळं आधीच तोडून घेतली होती.

पूर्ण कुजायची वाट बघावी लागत नाही. लाकडाचं वजन दहा टक्के घटतं तोवरच आघात सोसण्याची त्याची ताकद निम्म्याच्या खाली येऊ शकते. ज्या बुडख्यावरून पहार टणकन उडायची, तो तिसऱ्या पावसाळ्यात पहारीच्या चार घावांत फाटला. आतलं लाकूड पांढुरकं, दोऱ्यादोऱ्यांचं, पिळलं की पाणी गळणारं. लेप गेला होता, काठ्या उरल्या होत्या. दोघांना एक सकाळ पुरली. घाई असेल त्यांनी सरळ जेसीबी किंवा बुडखा किसणारं यंत्र बोलवावं, त्यात सांगण्यासारखं विज्ञान फारसं नाही.

खड्डा मातीने बुजवून तिथे कढीपत्ता लावला, तर महिन्याभरात त्याची खालची पानं पिवळी. मातीत राहिलेला लाकडाचा चुरा बुरशी अजून खात होती आणि त्यासाठी लागणारा नायट्रोजन रोपाच्या तोंडचा ओढत होती. शेवटी काकूंचं ते पुडकं फोडलं आणि चमचाभर युरिया पाण्यात विरघळवून घातला. नवी पानं हिरवी आली.