९५ सामने, एक पराभव: मिया हॅमच्या कॉलेजच्या वर्षांची पार्श्वभूमी

अमेरिकेची फुटबॉलपटू मिया हॅम नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाकडून ९५ सामने खेळली. त्यांतला एकच तिच्या संघाने गमावला. तिच्या नावावर १०३ गोल, ७२ असिस्ट (ज्या पासवर सहकारी गोल करते तो पास) आणि चार राष्ट्रीय विजेतेपदं. हे आकडे वाचून आधी छपाईची चूक असावी असं वाटतं. चूक नाही, पण एकट्या मियाकडे बघून त्यांचा उलगडाही होत नाही.

थोडं मागे जावं लागतं. जून १९७२ मध्ये अमेरिकेत 'टायटल नाइन' हा कायदा आला. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही, एवढाच त्याचा गाभा. कायद्याच्या मजकुरात खेळांवर भर नव्हता, पण त्याचा सर्वांत ठळक परिणाम मैदानावर दिसला. मुलांच्या अमेरिकन फुटबॉल संघात (तो अंडाकृती चेंडूचा, हेल्मेट घालून खेळायचा प्रकार, आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो त्यांचा सॉकर) खेळाडूंची फौज असते आणि शिष्यवृत्त्याही ढीगभर. तेवढ्या मुलींना सामावून घ्यायचं तर मोठ्या संघाचा आणि कमी खर्चाचा खेळ हवा. सॉकर त्यात चपखल बसला.

मिया जन्मली तीही १९७२ मध्येच, कायद्याच्या तीन महिने आधी, अलाबामातल्या सेल्मा गावी. पायात जन्मजात दोष होता, त्यामुळे लहानपणी तिला खास बूट घालावे लागले. वडील हवाई दलात, त्यामुळे बिऱ्हाड सतत हलतं. काही काळ तर इटलीतही. आईवडिलांनी दत्तक घेतलेला मोठा भाऊ गॅरेट तिला आपल्या खेळात ओढून न्यायचा.

टेक्सासमध्ये मुलींच्या एका प्रशिक्षकाने राष्ट्रीय महिला संघाचे प्रशिक्षक ॲन्सन डोरन्स यांना या चौदा वर्षांच्या मुलीबद्दल कळवलं. डोरन्स बघायला गेले तेव्हा म्हणाले, कोणती ते मला दाखवू नका. दाखवायची गरजही पडली नाही. ऑगस्ट १९८७ मध्ये, पंधराव्या वर्षी, ती चीनमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाकडून खेळली.

इथे या गोष्टीतला खरा सांधा आहे. डोरन्स राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक होते आणि चॅपेल हिल गावातल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या मुलींचेही. विद्यापीठाचा संघ त्यांनी १९७९ मध्ये उभा केला, तेव्हा इतर बहुतेक कॉलेजांनी असा विचारही केलेला नव्हता. १९८२ ते १९८८ या काळात एनसीएएच्या (अमेरिकेतली कॉलेज-खेळांची संघटना) सात राष्ट्रीय स्पर्धा झाल्या, त्यांतल्या सहा नॉर्थ कॅरोलिनाने जिंकल्या. १९८५ची तेवढी जॉर्ज मेसन विद्यापीठाने नेली. म्हणजे १९८९ मध्ये मिया आली ती आधीच कोणाला न आवरणाऱ्या संघात. ९५ पैकी एक पराभव या आकड्यात तिचं कसब आहेच, पण समोर उभं राहील असं फारसं कोणी नव्हतं हेही आहे. मला तरी दुसरी गोष्ट झाकून पहिली सांगणं अप्रामाणिक वाटतं.

मग झुंज होती कुठे? आपल्याच सरावात. त्याच विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक डीन स्मिथ (मायकेल जॉर्डनला घडवणारे) सरावातल्या प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवायचे. डोरन्सनी ती पद्धत उचलली आणि कडक केली. धावणं, हेडर (डोक्याने चेंडू मारणं), एकास एक झुंज, सगळ्याला गुण; मग पहिल्या नंबरापासून शेवटच्यापर्यंत यादी सगळ्यांसमोर. मैत्रिणीला हरवून पुन्हा तिच्याच शेजारी जेवायला बसायचं. हे सगळ्यांना मानवणारं नव्हतं. मियाला मानवलं. हिवाळ्यातल्या एका सकाळी गाडीतून जाताना डोरन्सना ती एकटीच धावण्याचा सराव करताना दिसली. ते थांबले नाहीत, नंतर तिला चिठ्ठी पाठवली: कोणी बघत नसताना घामाने निथळून वाकलेली अशी ती, चॅम्पियन म्हणजे तेच.

तो एकमेव पराभव सप्टेंबर १९९०चा. कनेक्टिकट विद्यापीठाने जादा वेळेत ३-२ असं हरवलं आणि नॉर्थ कॅरोलिनाची १०३ सामन्यांची अपराजित मालिका तुटली. (मियाचे कॉलेजमधले गोलही १०३च, निव्वळ योगायोग.) त्याच मोसमाच्या अंतिम फेरीत पुन्हा कनेक्टिकट समोर आलं. निकाल ६-०.

१९९१चा मोसम ती कॉलेजकडून खेळलीच नाही. चीनमध्ये महिलांचा पहिला विश्वचषक होता, अमेरिकेच्या १८ जणींत नऊ नॉर्थ कॅरोलिनाच्या, आणि अंतिम सामन्यात नॉर्वेवर २-१ने विजय. इकडे तिच्याशिवायही कॉलेज राष्ट्रीय विजेतं ठरलं.

परतल्यावरचा १९९२चा मोसम मात्र निर्विवाद तिचा. ३२ गोल, ३३ असिस्ट. गोलाचे दोन आणि असिस्टचा एक अशा हिशेबाने ९७ गुण. गोल करणारीने गोलापेक्षा जास्त पास सत्कारणी लावावेत, हे मला १०३ गोलांहून मोठं वाटतं. अंतिम सामन्यात शेजारच्या ड्यूक विद्यापीठाची ९-१ अशी दाणादाण उडाली, त्यात तिची हॅटट्रिक, म्हणजे तीन गोल. १९९३ मध्ये घरच्या फेट्झर फील्डवर जॉर्ज मेसनला ६-० हरवून चौथं विजेतेपद. दोन्ही वर्षी सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची हर्मन ट्रॉफी तिलाच. १९९४ मध्ये विद्यापीठाने तिची १९ नंबरची जर्सी कायमची बाजूला ठेवली.

पुढचं सर्वश्रुत आहे: १९९६ आणि २००४ची ऑलिम्पिक सुवर्णपदकं, देशासाठी १५८ गोल. फक्त १९९९चा विश्वचषक अंतिम सामना जरा वेगळ्या नजरेने बघावा. रोझ बोल स्टेडियममध्ये ९०,१८५ प्रेक्षक, चीनशी गोलशून्य बरोबरी, मग पेनल्टी. अमेरिकेच्या पाच जणींपैकी तिघी, कार्ला ओव्हरबेक, क्रिस्टिन लिली आणि मिया हॅम, चॅपेल हिलच्या. तिघींचेही चेंडू जाळ्यात. गाजला तो पाचव्या, विजयी पेनल्टीनंतरचा फोटो, ब्रँडी चॅस्टेनचा. ती सांता क्लारा विद्यापीठाची.