हिरवा ठिपका नेमकं काय सांगतो?

मेंदूविषयीच्या संशोधनाची बातमी आली की तिच्यासोबत एक चित्र हमखास असतं. काळ्याभोर पार्श्वभूमीवर फांद्या फुटलेली चेतापेशी आणि तिच्या अंगभर चमकणारे ठिपके. खाली ओळ असते, ‘हिरव्या रंगात अमुक प्रथिन’. वाचणाऱ्याला वाटतं, सूक्ष्मदर्शकाखाली धरल्यावर ते प्रथिन हिरवं दिसलं. पण प्रथिनाला असा रंग नसतो, आणि एकेकटं प्रथिन साध्या प्रकाशात दिसण्याइतकं मोठंही नसतं. हिरवा असतो तो अँटिबॉडीच्या, म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणा बनवते त्या ठरावीक रेणूला चिकटणाऱ्या प्रथिनाच्या, मार्फत तिथे पोहोचवलेला रंग. तेव्हा ठिपक्याचा अर्थ एवढाच, की या जागी अँटिबॉडी जाऊन बसली आहे. ती कशावर बसली, हा प्रश्न वेगळा. एका प्रसिद्ध अँटिबॉडीच्या बाबतीत त्याचं पक्कं उत्तर मिळायला पंचवीसहून जास्त वर्षं गेली.

चेतापेशी एकमेकींना चेतवतात हे आपण शाळेत शिकतो. त्या एकमेकींना थोपवतातही, हे बहुतेकदा शिकायचं राहून जातं. दोन चेतापेशी जिथे जोडल्या जातात त्या जागेला सिनॅप्स म्हणतात. थोपवणाऱ्या सिनॅप्समध्ये अलीकडची पेशी ग्लायसिन किंवा गाबा हे रसायन सोडते. पलीकडच्या पेशीच्या पटलावरचे रिसेप्टर, म्हणजे ते रसायन ओळखणारी प्रथिनं, उघडतात, त्यांतून सहसा क्लोराइडचे ऋणभारित आयन आत शिरतात आणि त्या पेशीला संदेश पेटवणं अवघड होतं. ही थोपवणूक बंद पडली तर काय होतं, ते काजऱ्याच्या बियांतलं स्ट्रिक्नीन हे विष दाखवतं. ते ग्लायसिनचे रिसेप्टर अडवतं. मग जराशा आवाजाने किंवा स्पर्शानेही सगळे स्नायू एकदम ताठरतात, आणि माणूस हे सारं शुद्धीत राहून भोगतो. ‘मेंदूचा नव्वद टक्के भाग झोपलेला असतो, तो जागा करा’ असं सांगत शिबिरं भरवणाऱ्यांनी अपस्माराच्या झटक्यात मेंदूचा आलेख कसा दिसतो ते एकदा पाहावं. असंख्य पेशी एका वेळी जाग्या झाल्या की तसं होतं. दुसऱ्या टोकाला मन शांत करणाऱ्या गाबाच्या गोळ्या विकल्या जातात. तोंडाने घेतलेला गाबा रक्तातून मेंदूत पुरेसा पोहोचतो याला भक्कम पुरावा नाही, पण डबीवर तेवढं लिहायला जागा नसावी.

ग्लायसिनचा रिसेप्टर शोधायला हेच विष कामी आलं. स्ट्रिक्नीन त्याला घट्ट धरतं. म्हणून जर्मनीत हाइनरिश बेट्झ यांच्या गटाने स्ट्रिक्नीनचाच एक भाऊबंद बारीक मण्यांवर पक्का बसवला आणि मज्जारज्जूतून काढलेला प्रथिनांचा अर्क त्यावरून सोडला. रिसेप्टर मण्यांना चिकटून राहिला, बाकीचं बरंचसं वाहून गेलं. १९८२ साली त्यांनी रिसेप्टर असा वेगळा केला. पण प्रत्येक वेळी त्याच्याबरोबर आणखी एक प्रथिन येत होतं, सुमारे ९३ हजार डाल्टन वजनाचं (डाल्टन हे रेणूंचं वजन मोजायचं एकक). ते विषाला धरत नव्हतं, रिसेप्टरला धरून येत होतं. यालाच पुढे गेफिरिन हे नाव मिळालं. गेफिरिन पेशीच्या आतल्या बाजूला, पटलाच्या लगेच खाली असतं. त्याचे रेणू एकमेकांत गुंतून थर तयार करतात आणि वरचे रिसेप्टर नेमके सिनॅप्ससमोर धरून ठेवतात. ग्लायसिनचे रिसेप्टर तसे धरले जातात, आणि गाबाच्या रिसेप्टरांचे बरेच प्रकारही.

त्या शुद्ध केलेल्या रिसेप्टरवर याच गटाने १९८४ मध्ये अँटिबॉडी तयार केल्या. तंत्र त्याआधी जेमतेम नऊ वर्षांचं होतं. १९७५ मध्ये क्योलर आणि मिलस्टीन यांनी उंदराची अँटिबॉडी बनवणारी पेशी कर्करोगाच्या पेशीशी जोडली. अशी जोडपेशी मरत नाही आणि एकाच साच्याची अँटिबॉडी बनवत राहते. बेट्झ यांच्या गटाला मिळालेल्या अशा पेशींपैकी एकीच्या अँटिबॉडीला ‘७ए’ हे रूक्ष नाव पडलं. गंमत म्हणजे लस टोचली रिसेप्टरची, आणि ७ए धरते ते सोबत आलेल्या ९३ हजार डाल्टनच्या प्रथिनाला. १९८५ मध्ये पॅरिसच्या संशोधकांबरोबर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तेव्हा तिच्या खुणा सिनॅप्सच्या नेमक्या पलीकडच्या बाजूला, पटलाच्या आतून लागलेल्या दिसल्या. तेव्हापासून थोपवणारे सिनॅप्स मोजायचे तर ७ए वापरायची, असा जवळजवळ शिरस्ताच पडला. तिचं चित्र फार स्वच्छ येतं. ठिपके ठळक, आणि बाकीच्या पेशीत काळोख.

हा स्वच्छपणा कुठून येतो ते समजायला अँटिबॉडी काय करते ते बारकाईने पाहायला हवं. अँटिबॉडीला अख्खं प्रथिन कळत नाही. तिच्या दोन टोकांशी असलेल्या खोबणीत प्रथिनाचा एक लहानसा तुकडाच मावतो, बऱ्याचदा पाच ते दहा अमिनो आम्लांचा. गेफिरिनमध्ये सातशेहून अधिक अमिनो आम्लं आहेत. त्यातला तेवढा तुकडा जुळला की अँटिबॉडी बसते. तोच तुकडा भलत्या प्रथिनात असेल तर तिथेही बसते. आणि तुकडा तोच राहून त्याचं रूप थोडं बदललं, तर बसत नाही.

रूप बदलतं कसं? पेशीत कायनेज नावाची विकरं असतात. ती प्रथिनातल्या ठरावीक अमिनो आम्लांवर फॉस्फेट चढवतात, आणि फॉस्फेटेज ते उतरवतात. एका फॉस्फेटने प्रथिनाचं वजन साधारण ८० डाल्टनने वाढतं. ९३ हजारांपुढे हे हजारात एक भागसुद्धा नाही. पण फॉस्फेटवर जोरदार ऋणभार असतो आणि खोबणीच्या मापाने ते चांगलंच मोठं असतं. ज्या अँटिबॉडीची खोबण फॉस्फेटसकट तुकड्यावर घडली आहे, तिला फॉस्फेट नसलेला तुकडा पकडताच येत नाही. २०१२ मध्ये सिद्ध झालं की ७ए नेमकी अशीच आहे. गेफिरिनच्या साखळीत २७० व्या जागी सेरीन हे अमिनो आम्ल आहे. त्यावर फॉस्फेट असेल तरच ७ए बसते. हे फॉस्फेट चढवणाऱ्यांत सीडीके ५ हे कायनेज आहे, आणि या कुळातली कायनेजं औषधाने दाबली की सिनॅप्सवरची ७एची चमक कमी होते.

म्हणजे दारावरचा दिवा पेटलेला असेल तरच घर मोजणारी ही शिरगणती. विझल्या दिव्याची घरं जागच्या जागी असतात, मोजणीत मात्र येत नाहीत. पेशीच्या आत सिनॅप्सपासून दूर विखुरलेलं गेफिरिनही असतं, पण ते ७एला सहसा दिसत नाही. चित्रातला काळोख इतका स्वच्छ होता त्याचं एक मोठं कारण हे. जो गुण म्हणून वाखाणला जात होता, तो खरं तर निवडक नजरेचा परिणाम होता.

आता विचार करा. एखाद्या प्रयोगात प्राण्यांना औषध दिलं, ७एचे ठिपके कमी झाले आणि निष्कर्ष निघाला, ‘थोपवणारे सिनॅप्स घटले’. तसं असेलही. पण कदाचित सिनॅप्स तेवढेच असतील आणि औषधाने फक्त कायनेज मंदावलं असेल. एकट्या ७एच्या चित्रावरून या दोन्हींत फरक करता येत नाही. त्यासाठी फॉस्फेटशी देणंघेणं नसलेली, गेफिरिनचा वेगळा तुकडा धरणारी दुसरी अँटिबॉडी हवी, आणि दोघींची गुणोत्तरं पाहायला हवीत. म्हणून ७एला टाकाऊ म्हणायचं का? माझ्या मते उलट. ती गेफिरिनची मात्रा नीट सांगत नसेल, पण त्याची अवस्था सांगते, आणि सिनॅप्स कसा बळावतो किंवा सैलावतो हे समजायला अवस्थाच जास्त उपयोगी असते.

अँटिबॉडी खरी की खोटी हे तपासायची सगळ्यांत कडक कसोटी म्हणजे ते प्रथिनच नसलेली ऊती. तिथेही ठिपके दिसले तर अँटिबॉडी लबाड. गेफिरिनच्या बाबतीत ही कसोटी सोपी नाही. १९९८ मध्ये गेफिरिनचं जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले गेले, तेव्हा ते जन्मानंतर दिवसभरातच मेले. थोपवणूक बंद पडलेली होतीच, शिवाय गेफिरिनकडे आणखी एक काम आहे. काही विकरांना मॉलिब्डेनम बसवलेला एक सहघटक लागतो, आणि तो बनवण्याच्या शेवटच्या पायऱ्या गेफिरिनच पार पाडतं. म्हणून ते यकृतातही सापडतं, जिथे सिनॅप्सचा संबंधच नाही. त्यामुळे अशा तपासण्या भ्रूणाच्या पेशी वाढवून किंवा काही ठरावीक पेशींतूनच जनुक काढून कराव्या लागतात.

एवढी तपासणी सर्वत्र होते असं नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत ६५ प्रथिनांसाठी बाजारात मिळणाऱ्या ६१४ अँटिबॉडी अशाच जनुक काढलेल्या पेशींवर तपासल्या गेल्या. त्यांतल्या बऱ्याच कसोटीला उतरल्या नाहीत, आणि नापास झालेल्यांचा वापर छापून आलेल्या शोधनिबंधांत झालेला होता. ज्यांचं जनुकच हाती आहे आणि ज्या हव्या तेव्हा जशाच्या तशा बनवता येतात, त्या रिकॉम्बिनंट अँटिबॉडींची कामगिरी उजवी ठरली.

अँटिबॉडीची एक अडचण मात्र अशानेही सुटत नाही. ती बाहेरून आत न्यायची तर सहसा पेशी आधी फॉर्मल्डिहाइडने गोठवावी लागते आणि पटलाला भोकं पाडावी लागतात. जिवंत पेशीत गेफिरिन पाहायला २०१३ मध्ये वेगळा मार्ग निघाला. फायब्रोनेक्टिन या प्रथिनाच्या एका लहान भागात फेरफार करून गेफिरिनला धरणारा रेणू घडवला गेला, त्याला चमकणारं प्रथिन जोडलं आणि त्याचं जनुक चेतापेशीतच घातलं. पेशी तो स्वतः बनवते. गरजेपेक्षा जास्त बनला तर पेशीभर हिरवा धुरळा होईल, म्हणून त्यातच एक योजना केलेली आहे. गेफिरिनवर जागा न मिळालेले रेणू केंद्रकात जातात आणि आपलंच जनुक बंद करतात.