मोठी विमानं आणि मंदी, हे जुनंच लफडं आहे

२०२० च्या मार्च महिन्यात एकेक करत जवळपास सगळ्या देशांनी विमानं बंद केली, २५ मार्चपासून दुबईच्या एमिरेट्सनेही पॅसेंजर फ्लाइट थांबवल्या, तेव्हा रत्नागिरी, दापोली, श्रीवर्धन पट्ट्यात ज्यांच्या घरचं कोणी ना कोणी गल्फला आहे त्यांच्या पोटात गोळाच आला. त्याच दिवसांत व्हॉट्सअपवर वाळवंटात ओळीने उभ्या केलेल्या जम्बोंचे, म्हणजे बोईंग ७४७ चे, फोटो फिरायला लागले आणि "कोरोनाने मोठी विमानं संपवली" हे वाक्य पक्कं झालं ते आजपर्यंत. पण ते अर्धंच खरं आहे. या विमानांचं दुखणं पन्नास वर्षांचं जुनं, कोरोनाने फक्त शेवटचा धक्का दिला.

मुळात मोठं विमान नेहमी चांगल्या दिवसांत ऑर्डर होतं आणि हातात येतं तेव्हा दिवस फिरलेले असतात. १९६६ मध्ये अमेरिकेच्या पॅन अ‍ॅमने बोईंगला २५ नगांची ७४७ ची ऑर्डर दिली तेव्हा विमान प्रवास दरवर्षी असा वाढत होता की लोकांना वाटलं हे असंच चालणार, जुन्या ७०७ च्या दुपटीहून जास्त माणसं एका फेरीत न्यायची म्हणजे तिकीट स्वस्त आणि धंदा डबल. २२ जानेवारी १९७० ला पहिली ७४७ प्रवासी घेऊन न्यूयॉर्कहून लंडनला गेली आणि नेमकी तेव्हाच अमेरिकेत मंदी. सीटा रिकाम्या. मग अमेरिकन एअरलाइन्सने मागच्या बाजूच्या सीट काढून लाउंज केलं आणि तिथे चक्क इलेक्ट्रिक पियानो ठेवला, म्हणजे गिऱ्हाईक नाही म्हणून वाजंत्री! तिकडे सिएटलमध्ये बोईंगने इतकी माणसं कमी केली की १९७१ मध्ये कोणीतरी रस्त्यावर बोर्डच लावला, शहर सोडून जाणाऱ्या शेवटच्या माणसाने दिवे बंद करून जा म्हणून.

पुढची गोष्ट आपल्या जवळची आहे. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत बॅरलचा भाव तीन डॉलरच्या आसपास होता तो बारापर्यंत पोचला. चार इंजिनांचं विमान म्हणजे तेलाची टाकीच, त्यामुळे अमेरिकेत जम्बो परवडेनात, तिथल्या डेल्टा कंपनीने आपल्या काढून टाकल्या, टीडब्ल्यूए कंपनीने काही इराणला विकल्या. पण तोच तेलाचा पैसा आखातात पाण्यासारखा आला, बंदरं, रस्ते, रिफायनऱ्या बांधायला माणसं हवी होती आणि ती गेली कुठून तर केरळमधून आणि आपल्या कोकणातून. फिटर, वेल्डर, ड्रायव्हर, कुक, गावंच्या गावं गेली. ज्या भाववाढीने तिकडची जम्बो रिकामी केली तिनेच मुंबईहून दुबईला जाणारी विमानं भरली, हे कोणी फारसं लिहीत नाही. एअर इंडियाची पहिली ७४७ 'एम्परर अशोका' १९७१ मध्ये आली होती, खिडक्यांना बाहेरून झरोख्यांची नक्षी रंगवलेली, आणि हीच विमानं दुबईच्या फेऱ्याही करत होती. त्याच 'एम्परर अशोका'ने १ जानेवारी १९७८ च्या रात्री दुबईसाठी उड्डाण केलं आणि वांद्र्यासमोर समुद्रात कोसळली, २१३ माणसं गेली.

नंतर १९९१ चं गल्फ वॉर (पॅन अ‍ॅम त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बंद पडली), मग २००१ चा न्यूयॉर्कचा हल्ला, दर वेळी तेच. प्रवासी गायब, आणि सगळ्यात आधी उभं कोण राहणार तर ज्याला भरायला सगळ्यात जास्त माणसं लागतात ते.

आता उभी करायची म्हणजे कुठे? कॅलिफोर्नियातलं मोहावी आणि व्हिक्टरव्हिल, अ‍ॅरिझोनात पिनाल, स्पेनमध्ये तेरुएल, ऑस्ट्रेलियात अ‍ॅलिस स्प्रिंग्ज. सगळ्या ठिकाणी एकच गोष्ट, कोरडी हवा आणि कडक जमीन. कोकणात खारी हवा काय करते ते सांगायला नको, खिडकीचे गज चार पावसाळ्यांत सालं सोडतात, अ‍ॅल्युमिनियमच्या विमानाचंही तेच होतं. आणि नुसतं उभं करून चालत नाही बरं का. हर्णैला किंवा मिरकरवाड्याला १ जूनला मासेमारी बंद झाली की नौका कशा वर काढून शाकारून ठेवतात, तसलाच प्रकार, फक्त नौकावाल्याला माहीत असतं की ऑगस्टला पाण्यात उतरायचंय, इथे तारीखच नसते. इंजिनांची तोंडं बंद करायची, आत ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवायच्या, खिडक्यांना आतून चकचकीत फॉइल लावायचं, टाकीत थोडं इंधन ठेवायचं म्हणजे सील सुकत नाहीत आणि वाऱ्याने विमान हलत नाही, त्या इंधनात शेवाळ-बुरशी धरू नये म्हणून औषध घालायचं, ठरावीक दिवसांनी चाकं थोडी फिरवायची नाहीतर टायर एकाच जागी दबून चपटे होतात. सगळ्यात डोक्याला ताप म्हणजे वेग मोजणाऱ्या नळ्या, त्यात किडे घर करतात. २०२० च्या उन्हाळ्यात विमानं परत उडायला लागली तेव्हा वेगाचे आकडे चुकीचे दिसायच्या तक्रारी वाढल्या आणि युरोपच्या विमान सुरक्षा यंत्रणेला त्यावर खास सूचना काढावी लागली. एवढंसं किडुक आणि पाचशे टनांचं विमान.

हे पाचशे टनांचं म्हणजे एअरबसचं ए३८०, पूर्ण दुमजली, परवानगी जास्तीत जास्त ८५३ प्रवाशांची. डिसेंबर २००० मध्ये काम सुरू करायचं ठरलं, परत तेच, जोरात चाललेले दिवस. वायरिंगच्या घोळात जवळपास दोन वर्षं उशीर झाला आणि सिंगापूर एअरलाइन्सने पहिली फेरी मारली २५ ऑक्टोबर २००७ ला, म्हणजे पुढच्याच वर्षी तेल १४७ डॉलरला आणि जगभर मंदी. (आपल्या किंगफिशरनेही २००५ मध्ये पाच ए३८० ची ऑर्डर दिली होती. एकही आलं नाही, आणि नाही आलं तेच बरं झालं.) भारतात तर २०१४ पर्यंत या विमानाला परवानगीच नव्हती, त्या वर्षी मे महिन्यात सिंगापूरचं आणि जुलैत एमिरेट्सचं ए३८० मुंबईला यायला लागलं.

तोवर खरा खेळ दोन इंजिनांच्या विमानांनी केला होता. आधी नियम असा की एक इंजिन बंद पडलं तर तासाभरात कुठलं तरी विमानतळ गाठता आलं पाहिजे, त्यामुळे महासागर ओलांडायला तीन-चार इंजिनं लागायची. १९८५ पासून ही मर्यादा दोन तास, पुढे तीन तास अशी वाढत गेली, १९९५ ला ७७७ आलं, २०११ ला ७८७, २०१५ ला ए३५०, आणि तीनशे माणसं दोन इंजिनांवर कुठेही जायला लागली. पाचशे भरण्यापेक्षा तीनशे भरणं सोपं, साधा हिशोब आहे. सिंगापूरने भाड्याची मुदत संपल्यावर परत केलेली पहिली दोन ए३८० कोणी घेईना, तेव्हा दहा-अकरा वर्षांचीच असताना फ्रान्समध्ये तार्बला नेऊन सुटी केली, पार्ट विकले. आणि १४ फेब्रुवारी २०१९ ला एअरबसने उत्पादन बंद करणार म्हणून जाहीर केलं. तारीख बघा, कोरोनाचं नावही कोणाला माहीत नव्हतं. एकूण २५१ बनली, त्यातली १२३ एकट्या एमिरेट्सने घेतली.

मग २०२० आलं आणि जगातला विमान प्रवास वर्षभरात जवळपास ६६ टक्क्यांनी पडला. नेदरलँड्सच्या केएलएमने मार्चमध्येच प्रवासी ७४७ थांबवल्या, एअर फ्रान्सने मे महिन्यात ए३८० कायमची बंद केली, ब्रिटिश एअरवेजने जुलैत ३१ च्या ३१ जम्बो काढल्या, ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासची शेवटची ७४७ मोहावीला जाताना आकाशात कांगारूचा आकार काढून गेली. सिंगापूरने तर तिथल्या चांगी विमानतळावर उभ्या ए३८० मध्ये लोकांना तिकीट लावून जेवायला बसवलं, धंदा तो धंदा.

गंमत म्हणजे मालवाहू ७४७ ना त्याच काळात श्वास घ्यायला फुरसत नव्हती. प्रवासी विमानांच्या पोटातून जाणारा माल थांबला होता, मास्क आणि औषधं पोचवायची होती, आणि जम्बोचं नाक उघडून लांबलचक सामान सरळ आत ढकलता येतं. ए३८० ला हे कधी जमलंच नाही, तिची मालवाहू आवृत्ती ऑर्डर रद्द होऊन कागदावरच राहिली.

आणि आपल्याकडे? ९ ऑक्टोबर २०२१ ला सिंधुदुर्गात चिपीला विमानतळ सुरू झाला, पहिलं विमान आलं ते एटीआर, सत्तरेक सीटचं, पंख्याचं. जग दुमजली विमानं मोडत होतं तेव्हा कोकणाला विमान मिळालं आणि ते एवढं. लोक हसले, पण माझ्या मते छोटंच बरं.

वाळवंटातली सगळीच विमानं काही भंगारात गेली नाहीत. गर्दी अंदाजापेक्षा लवकर परतली, बोईंगचं नवीन ७७७एक्स २०२० ला येणार होतं ते वर्षामागून वर्ष पुढे ढकललं गेलं, आणि जर्मनीच्या ज्या लुफ्तान्साने ए३८० ला रामराम केला होता तिने २०२३ मध्ये तीच विमानं परत काढली, अबू धाबीच्या इतिहादनेही काढली. एमिरेट्स तर २०४० च्या आसपासपर्यंत ती उडवणार म्हणतेय. नवीन बनत नसल्यामुळे पार्ट मिळतात ते मोडलेल्या विमानांचे, त्यामुळे तार्ब आणि तेरुएलला आजही काम भरपूर आहे.