जिभेची पन्हळ ते जेलवरचे पट्टे : वर्गातल्या आनुवंशिकतेची पार्श्वभूमी

आनुवंशिकता हाताने करून शिकवण्याची कल्पना डीएनएची रचना कळण्याच्या कितीतरी आधीची आहे. वाटाण्याच्या रोपांसाठी अख्खा हंगाम थांबावे लागे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रयोगशाळेत आलेल्या फळमाशीने ती अडचण दूर केली. उबदार खोलीत दहा-बारा दिवसांत नवी पिढी तयार होते, आणि पांढऱ्या डोळ्यांची माशी लाल डोळ्यांच्या माशीपासून साध्या भिंगाने वेगळी ओळखता येते. मात्र माश्यांना ईथरची भूल द्यायची, कोशातून निघालेल्या माद्या आठ तासांच्या आत वेगळ्या काढायच्या, हे शाळेच्या वेळापत्रकात बसवणे कठीण. त्यामुळे शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या शरीराकडेच पाहायला सुरुवात केली, आणि तिथेच या विषयातली सर्वांत हट्टी चूक घडली.

१९४० साली एका आनुवंशिकीतज्ज्ञाने छोटा शोधनिबंध लिहिला. जिभेच्या दोन्ही कडा वर वळवून पन्हळ करता येणे हा गुण एकाच प्रभावी जनुकामुळे येतो, असा त्याचा निष्कर्ष होता. हा माणूस साधा नव्हता. विद्यार्थी असतानाच गुणसूत्रावरील जनुकांचा पहिला नकाशा त्याने मांडला होता. त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन होते, आणि प्रयोगाला साहित्य काहीच लागत नव्हते. वर्गात सगळ्यांनी जीभ बाहेर काढायची, किती जणांना जमते ते फळ्यावर लिहायचे, घरी जाऊन आई-बाबांची जीभ पाहायची आणि वंशावळीचा तक्ता भरायचा.

पण १९५२ मध्ये एकसारख्या जुळ्यांच्या ३३ जोड्या तपासल्या गेल्या. त्यांतल्या ७ जोड्यांमध्ये एकाला जीभ वळवता येत होती आणि दुसऱ्याला येत नव्हती. दोघांचा डीएनए सारखाच असल्याने एका जनुकाचा सरळ हिशेब तिथेच कोसळला. शिवाय काही मुलांना ही कसरत मोठेपणी, सरावाने जमू लागते असेही दिसले. ज्याने हा दावा केला होता, त्यानेच १९६५ च्या आपल्या पुस्तकात तो मागे घेतला आणि हे उदाहरण अजून सिद्ध प्रकरण म्हणून छापले जाते याची लाज वाटते, असे लिहिले. तरीही जीभ वर्गातून गेली नाही. कानाची चिकटलेली पाळी, कपाळावरची टोकदार केशरेषा, हाताची घडी घालताना कोणता हात वर राहतो, अशी सगळी यादी तिच्यासोबत टिकून राहिली. यांतल्या बहुतेक गुणांना दोन स्वच्छ गट नसतात. कानाच्या पाळ्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या तर पूर्ण मोकळी आणि पूर्ण चिकटलेली यांच्यामध्ये हवी तितकी रूपे सापडतात.

हा प्रकार चालू ठेवावा असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद असा, की मुलांना निरीक्षण आणि नोंद शिकायला मिळते, उदाहरण किती खरे हे दुय्यम. मला हे पटत नाही. एका प्रभावी जनुकाच्या त्या नियमानुसार दोघांचीही जीभ वळत नसलेल्या आई-बाबांचे मूल जीभ वळवूच शकणार नाही. ज्या मुलाच्या तक्त्यात हे जुळत नाही, ते घरी कोणता प्रश्न घेऊन जाते याचा विचार व्हायला हवा. दत्तक मुलाला तर हा तक्ता भरताच येत नाही.

‘प्रभावी’ या शब्दानेही गोंधळात भर घातली. विद्यार्थी त्याचा अर्थ ‘बलवान’ किंवा ‘जास्त लोकांत आढळणारा’ असा घेतात. प्रत्यक्षात जनुकाची एकच प्रत असली तरी जो परिणाम दिसतो तो प्रभावी, एवढेच त्यात आहे. हाताला सहावे बोट येण्याचे काही प्रकार प्रभावी आहेत, तरी बहुतेकांना पाचच बोटे असतात.

प्रत्यक्ष डीएनए वर्गात आला तो नंतर. स्ट्रॉबेरी कुस्करून त्यात मीठ आणि भांडी धुण्याचा साबण घालायचा, गाळायचे आणि थंडगार अल्कोहोल नळीच्या कडेने हळूच सोडायचे. दोन थरांच्या मध्ये पांढरे तंतू तरंगू लागतात आणि काडीवर गुंडाळता येतात. १८६९ मध्ये जखमांच्या पट्ट्यांवरील पुवातून हाच पदार्थ पहिल्यांदा वेगळा काढला गेला, तेव्हाची कृती याच वळणाची होती. काडीवरच्या गोळ्यात पेक्टिन हा फळातला चिकट पदार्थ आणि प्रथिनेही असतात, आणि दुहेरी सर्पिल डोळ्यांना दिसत नाही, हे मात्र सांगायला हवे. मणी आणि तारांची प्रतिकृती करतानाही पीळ उजवा आहे ना ते पाहावे. डाव्या पिळाची चित्रे छापील पानांवरही सर्रास सापडतात.

खरा बदल झाला तो १९८० च्या दशकात. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात शास्त्रज्ञ एकत्र बसून जनुके कापण्या-जोडण्यावर बंधने किती हवीत हे ठरवत होते. त्यानंतर तेरा वर्षांनी, १९८८ मध्ये, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर केवळ डीएनए शिकवण्यासाठी केंद्र उघडले आणि शाळकरी मुलांच्या हातात मायक्रोपिपेट, म्हणजे थेंबाहून कमी द्रव मोजून घेणारी नळी, आली. विषाणूचा ४८,५०२ बेसजोड्यांचा (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्यांचा) डीएनए ठरावीक जागी तोडणाऱ्या विकरांनी कापायचा, तुकडे जेलच्या, म्हणजे मऊ जेलीच्या वडीच्या, खाचांत भरायचे आणि वीज सोडायची. डीएनएवर ऋण प्रभार असल्याने तुकडे धन टोकाकडे सरकतात, छोटे पुढे आणि मोठे मागे, आणि सारख्या लांबीच्या तुकड्यांचा एक पट्टा बनतो. पिपेटचे टोक खाचेच्या तळाला भोसकले की निळा नमुना जेलखाली पसरतो. पहिल्या तासाला निम्म्या खाचा अशाच जातात आणि हाताला सवय लागते. पट्टे रंगवायला प्रयोगशाळेत वापरायचे इथिडियम ब्रोमाइड शाळेसाठी धोक्याचे, म्हणून मिथिलीन ब्लू आले.

पुढे जेलीफिशचे जनुक जिवाणूत घालण्याचे तयार संच आले. अॅराबिनोज ही साखर असलेल्या थाळीत जिवाणू अतिनील प्रकाशात हिरवे चमकतात, साखर नसलेल्या थाळीत तेच जिवाणू अंधारे राहतात. जनुक असणे आणि ते चालू असणे यांतला फरक इतक्या स्वच्छपणे दाखवणारा दुसरा प्रयोग मला माहीत नाही.

जिभेच्या प्रश्नाला चांगले उत्तर मिळाले तेही जिभेवरच. पीटीसी नावाचे रसायन काहींना कडूजहर लागते, काहींना त्याची चवच कळत नाही, हे १९३१ पासून माहीत होते. त्या रसायनाच्या कागदपट्ट्या वर्गात फिरत. त्यामागचे मुख्य जनुक २००३ मध्ये सातव्या गुणसूत्रावर सापडले. आता विद्यार्थी मिठाच्या पाण्याने चूळ भरून गालाच्या पेशी गोळा करतात आणि पीसीआर या डीएनएच्या असंख्य प्रती काढणाऱ्या पद्धतीने त्या जनुकाचा २२१ बेसजोड्यांचा तुकडा वाढवतात. मग तो विकराने कापतात. चव ओळखणारी प्रत १७७ आणि ४४ अशा दोन तुकड्यांत तुटते, दुसरी अखंड राहते. इथे नमुना विद्यार्थ्याचा स्वतःचा असतो, म्हणून नळीवर नाव न घालता क्रमांक घालावा आणि ज्याला नको असेल त्याला सहज नकार देता यावा.

बहुतेकांचा जेल आणि जीभ जुळतात. काहींचे जुळत नाहीत: एकच प्रत तुटलेल्या कुणाला पट्टी नुसती किंचित कडवट लागते, तर दोन्ही प्रती अखंड असलेला एखादा तोंड वाकडे करतो. अशा वेळी तास संपला तरी मुले जेलभोवतीच उभी असतात.