कॅबिनेट उघडल्यावर कॉम्प्युटर सुरू होत नाही? नवा पार्ट घेण्याआधी एवढं बघा
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

दिवाळीची साफसफाई आणि मुलांच्या सुट्ट्या, या दिवसांत आमच्याकडे दोन तक्रारी हमखास येतात. "धूळ काढली आणि डिस्प्ले गेला." नाहीतर, "रॅम वाढवली, आता चालूच होत नाही." कॅबिनेट उघडेपर्यंत मशीन नीट चालत असेल तर बहुतेक वेळा काही जळालेलं नसतं. काहीतरी सैल झालेलं असतं, अर्धवट बसलेलं असतं किंवा जोडायचं राहिलेलं असतं. म्हणून जिथे जिथे हात लागला, तिथे आधी बघा.

पुन्हा हात घालण्यापूर्वी भिंतीवरचं बटण बंद करून पॉवर केबल काढा आणि पुढचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. थंडीच्या कोरड्या हवेत तर नक्कीच. एसएमपीएसचा (मशीनला वीज पुरवणारा) डबा मात्र कधीच उघडू नका. केबल काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो.

बटण दाबलं, काहीच हालचाल नाही

एसएमपीएसच्या मागचं बटण उभ्या रेघेच्या बाजूला दाबलेलं आहे का? मदरबोर्डवरचा (आतल्या मुख्य बोर्डवरचा) 24 पिनचा रुंद कनेक्टर कडी अडकेपर्यंत आत गेला आहे का? मग पुढच्या बटणाकडून येणारी दोन बारीक वायरींची जोडी बघा. सफाई करताना ती सहज निघते. पॉवर बटणाची जोडी उलटी लागली तरी चालते, फक्त योग्य दोन पिनांवर हवी. लाइटच्या जोड्या उलट्या लागल्या तर लाइट पेटत नाही, एवढंच.

पंखे फिरतात, पण डिस्प्ले नाही

ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार, आणि बहुतेकदा कारण असतं रॅम (मेमरीची लांबट पाटी). रॅम वरून बसलेली दिसते, पण एक टोक अर्धा मिलिमीटर वर असतं. ती बाहेर काढा, सोनेरी पट्टी कोरड्या स्वच्छ कापडाने पुसा. कोकणपट्टीच्या दमट हवेत त्या पट्टीवर थर धरतो. तो मऊ पांढऱ्या खोडरबराने हलकेच निघतो, फक्त चुरा स्लॉटमध्ये पडू देऊ नका. मग खाच जुळवून दोन्ही टोकांवर अंगठ्याने सरळ दाबा. 'टक्' असा आवाज येऊन कडी आपोआप बंद झाली पाहिजे. कडी हाताने ओढून लावावी लागत असेल तर रॅम बसलेली नाही. दोन रॅम असतील तर आधी एकच लावून बघा. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर ती प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावतात. खाच जुळतच नसेल तर जोर लावू नका: डीडीआर4 आणि डीडीआर5 या रॅमच्या दोन वेगळ्या पिढ्या, दोन्हींना 288 पिना असतात, पण एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही.

रॅम ठीक असेल तर प्रोसेसरजवळच्या कोपऱ्यात बघा. तिथे 4 किंवा 8 पिनचा वेगळा कनेक्टर असतो. तो सुटला तरी पंखे फिरतात, लाइट लागतात, पण प्रोसेसरला वीजच मिळत नाही. मोठ्या ग्राफिक्स कार्डालाही स्वतःची वेगळी केबल लागते, आणि कार्ड लावलेलं असेल तर मॉनिटरची वायर त्या कार्डालाच लावायची.

डीडीआर5 रॅम नवी लावली असेल तर पहिल्यांदा काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते. बोर्ड त्या वेळी रॅमशी वेग जुळवत असतो. घाईने बटण बंद करू नका.

चालू होतो, थोड्या वेळाने बंद पडतो

प्रोसेसरच्या पंख्याची वायर लागली आहे का, दुसरी एखादी वायर पात्यात अडकली आहे का, हे आधी बघा. चार पुश-पिनांवर बसणाऱ्या पंख्याची एक जरी पिन वर राहिली तरी प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला मशीन बंद करतो. पिना समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दाबा. हीटसिंक (पंख्याखालचा धातूचा ठोकळा) एकदा उचलला की त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली जुनी पेस्ट पुसून नवी लावावीच लागते. एएमडी कंपनीच्या प्रोसेसरसाठीच्या एएम4 प्रकारच्या बोर्डावर तो सरळ वर ओढू नका, हळू पिळून सोडवा. नाहीतर प्रोसेसर त्याला चिकटून वर येतो आणि पिना वाकतात.

हार्ड डिस्क दिसेनाशी झाली

साटा केबल (डिस्क बोर्डाला जोडणारी वायर) दोन्ही टोकांना दाबून बघा. नवी एम.2 एसएसडी (थेट बोर्डवर बसणारी छोटी डिस्क) लावल्यावर जुनी डिस्क गायब झाली असेल, तर काही बोर्डांवर एम.2 वापरात आली की एखादा साटा पोर्ट बंद होतो. डिस्क दुसऱ्या पोर्टला लावा.

एक कळकळीची विनंती. सुट्या केबलवाल्या एसएमपीएसच्या केबल दुसऱ्या एसएमपीएसला लावू नका. टोकं सारखी दिसतात, पण आतली जोडणी वेगळी असू शकते, आणि डिस्क जळून फोटो-हिशेब सगळं जाऊ शकतं.

बायोस (मशीन सुरू होतानाच्या बोर्डच्या सेटिंग्ज) रीसेट केल्यावर विंडोज 48 अंकी रिकव्हरी की मागू शकतं. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ती की आधीच लिहून ठेवा. बऱ्याचदा ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. घड्याळ वारंवार मागे जात असेल तर बोर्डवरचा सीआर2032 सेल बदला.

जळका वास आला, ठिणगी दिसली किंवा बोर्डवरचा कपॅसिटर फुगलेला दिसला, तर पुन्हा चालू करून बघू नका. मशीन आमच्याकडे आणा. सोबत काढलेली जुनी रॅम, उरलेले स्क्रू आणि सुट्या केबलही आणा, आणि नेमकं काय काय काढलं होतं ते मोकळेपणाने सांगा. नुसती रॅम नीट बसवून काम होत असेल, तर आम्ही तेवढंच करून देतो.