वाऱ्याच्या बाणामागचे चौकोन

समजा, मुंबईहून गोव्याला शिडाची होडी न्यायची आहे. एक ॲप रत्नागिरीसमोर पहाटे वायव्येचा 8 नॉट (ताशी 8 सागरी मैल) वारा दाखवतं, दुसरं पूर्वेचा 5. लगेच वाद सुरू होतो: खरं कोण? बऱ्याचदा या भांडणाचं मूळ दोन्हींमागच्या जाळीच्या मापात असतं. मॉडेल, म्हणजे हवामानाचा अंदाज काढणारा संगणकी हिशोब, समुद्राचे चौकोन पाडतं आणि एका चौकोनाला एकच वारा देतं.

हे चौकोन पहिल्यांदा आखले ब्रिटिश गणितज्ञ लुईस फ्राय रिचर्डसन यांनी. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवता चालवता त्यांनी 20 मे 1910 या होऊन गेलेल्या दिवसाचा अंदाज हाताने गणित करून काढला. चौकोन होते सुमारे 200 किलोमीटरचे. उत्तर आलं की सहा तासांत हवेचा दाब 145 मिलिबारने बदलेल. प्रत्यक्षात तो जवळजवळ हललाच नव्हता. मधल्या काळात हस्तलिखितही हरवलं होतं, ते काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडलं. फसलेलं गणित त्यांनी 1922 साली न लपवता छापलं, याचं मला त्यांच्या हुशारीपेक्षाही जास्त कौतुक वाटतं. पद्धत बरोबर होती. गणिताला पुरवलेले सुरुवातीचे आकडे दगा देऊन गेले.

1950 मध्ये अमेरिकेत एनिॲक संगणकावर हवामानाचं गणित बसवलं, तेव्हा चौकोन उलट मोठे झाले: 736 किलोमीटर. तरी चोवीस तासांच्या अंदाजाला जवळपास चोवीस तासच लागले. चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात, वेळेचे टप्पेही दुप्पट घ्यावे लागतात. म्हणजे काम किमान आठपट. युरोपीय देशांच्या इंग्लंडमधल्या रेडिंग इथल्या सामायिक हवामान केंद्राने 1 ऑगस्ट 1979 ला नियमित अंदाज सुरू केले, तेव्हाही जाळी 200 किलोमीटरच्या आसपासच होती. त्याच महिन्यात इंग्लंड-आयर्लंडजवळच्या समुद्रातल्या फास्टनेट या शिडाच्या होड्यांच्या शर्यतीतल्या 303 होड्यांना वादळाने गाठलं आणि 15 स्पर्धक दगावले. आकाराने लहान पण झपाट्याने खोल होणारं कमी दाबाचं क्षेत्र एवढ्या मोठ्या जाळीतून सहज निसटतं.

पुढे संगणकांचा वेग वाढला. अमेरिकेचं जीएफएस हे जागतिक मॉडेल 2015 मध्ये 13 किलोमीटरवर आलं, युरोपीय मॉडेल 2016 मध्ये 9 वर. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत घडलेली 6 किलोमीटरची भारत फोरकास्ट सिस्टिम मे 2025 मध्ये सुरू झाली.

पण मॉडेलची जाळी वेगळी आणि आपल्या हातात येणाऱ्या फाईलची वेगळी. अमेरिकी सरकार आपला डेटा फुकट देतं, म्हणून कितीतरी ॲप त्यावर उभी राहिली. ती फाईल मात्र सहसा 0.25 अंशाची, म्हणजे सुमारे 28 किलोमीटरची. युरोपचा डेटा बरीच वर्षं विकत होता. 2022 मध्ये तो 0.4 अंशावर मोफत मिळू लागला, 2024 मध्ये 0.25 वर. खोल समुद्रातल्या माणसाची तर आणखी पंचाईत. सॅटेलाइट फोनवरून सेकंदाला 2.4 किलोबिट येणार, मग फाईल लहान राहावी म्हणून तोच 1 अंशाची ग्रिब (हवामानाच्या आकड्यांची फाईल) मागवतो. अशा वेळी 13 किलोमीटरचं मॉडेल होडीत पोचेपर्यंत 111 किलोमीटरचं झालेलं असतं. वर ॲप दोन बिंदूंमधली जागा स्वतःच भरून काढतं, त्यामुळे पडद्यावर बाण दाट दिसतात. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

शिवाय एखादी गोष्ट मॉडेलला नीट पकडायला साधारण सहा-सात चौकोन लागतात. 9 किलोमीटरच्या जाळीतही 60 किलोमीटरहून लहान घडामोडी पुसटच येणार. कोकणपट्टी तर जेमतेम 50 किलोमीटर रुंद, पाव अंशाच्या दोनच चौकोनांत संपणारी. त्यात सह्याद्रीचा कडा सपाट होऊन उताराचं मैदान बनतो. हिवाळ्यात दुपारी समुद्रावरून खारे वारे येतात आणि पहाटे जमिनीवरून मतलई, आणि हे सगळं त्याच अरुंद पट्ट्यात घडतं. म्हणून ढोबळ फाईलमध्ये रत्नागिरीसमोर पहाटेही वायव्येचाच बाण राहू शकतो. किनारा धरून जाणाऱ्या होडीला मात्र त्या वेळी डाव्या हाताने, पूर्वेकडून, मतलई लागलेला असतो.