अमेरिकेतल्या नामांकित खासगी विद्यापीठात पदवीसाठी अर्ज: आधी पैशांचं विचारा

अमेरिकेतल्या हार्वर्ड, येल, ब्राउनसारख्या खासगी विद्यापीठांचा वर्षाचा खर्च फी, राहणं, जेवण धरून ८०,००० डॉलरच्या पुढे जातो. हा आकडा ऐकूनच बरीच हुशार मुलं अर्ज करत नाहीत, याचं फार वाईट वाटतं. कारण हा खर्च सगळ्यांना सारखा पडत नाही. २०२५-२६ पासून हार्वर्डमध्ये वर्षाला १ लाख डॉलरपर्यंत उत्पन्न आणि बेताची मालमत्ता असलेल्या कुटुंबाला फी, राहणं, जेवण यांपैकी कशाचेच पैसे भरावे लागत नाहीत. तिथे परदेशी विद्यार्थ्यालाही आर्थिक मदत अमेरिकन विद्यार्थ्याच्याच नियमांनी मिळते.

म्हणून यादी करताना क्रमवारीआधी एक गोष्ट तपासा: परदेशी अर्जदाराबाबत ते विद्यापीठ ‘नीड-ब्लाइंड’ आहे की ‘नीड-अवेअर’? नीड-ब्लाइंड म्हणजे तुम्हाला मदत लागणार आहे का, याचा प्रवेशाच्या निर्णयाशी संबंध नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ आणि अॅमहर्स्ट कॉलेज परदेशी मुलांनाही हाच नियम लावतात. नीड-अवेअर ठिकाणी मदत मागितल्याने प्रवेशाची संधी थोडी कमी होऊ शकते. तरीही गरज असेल तर ती लपवू नका. प्रवेशाच्या वेळी मदत मागितली नाही, तर पुढे अनेक ठिकाणी परदेशी विद्यार्थ्याला ती मागताच येत नाही, आणि दुसऱ्या वर्षी फी भरताना घर अडचणीत येतं.

पात्रता म्हणून टक्क्यांची ठरावीक अट सहसा नसते. नववी ते बारावीच्या गुणपत्रिका, शाळेचा अहवाल, सहसा दोन शिक्षकांची शिफारसपत्रं, निबंध आणि इंग्रजीची परीक्षा (टोफेल, आयईएलटीएस वगैरे) हे बहुतेक ठिकाणी लागतं. एमआयटी, हार्वर्ड, ब्राउन आणि डार्टमथने सॅट किंवा एसीटी ही प्रवेशपरीक्षा पुन्हा सक्तीची केली आहे. बहुतेक अर्ज ‘कॉमन अॅप’ या अनेक विद्यापीठांच्या सामाईक ऑनलाइन अर्जावरून जातात. तो १ ऑगस्टला खुला होतो आणि मुख्य निबंधाची मर्यादा ६५० शब्दांची असते. एमआयटीचा अर्ज मात्र त्यांच्या स्वतःच्या पोर्टलवर भरायचा.

मदतीसाठी वेगळा अर्ज असतो, बहुतेक ठिकाणी ‘सीएसएस प्रोफाइल’. ‘फाफ्सा’ हा सरकारी फॉर्म अमेरिकन नागरिक आणि काही पात्र रहिवाशांसाठी आहे. परदेशी मुलांनी त्यात वेळ घालवू नये. प्रोफाइलमध्ये आईवडिलांचं उत्पन्न, बचत, घर, कर्ज, धंदा असेल तर त्याचा हिशेब, सगळं विचारतात. रक्कम आपल्या चलनात लिहिता येते. आयकर विवरणपत्र आणि पगाराचा दाखला आधीच काढून ठेवा. इंग्रजीत नसलेल्या कागदाचं भाषांतर जोडा. आजोबांचं आजारपण, बहिणीची फी असे खर्च ‘विशेष परिस्थिती’च्या रकान्यात स्पष्ट लिहा. संकोचापायी तो रकाना कोरा सोडू नका. अर्जाचं शुल्क जड वाटत असेल तर शुल्कमाफीबद्दल प्रवेश कार्यालयाला ईमेल करून विचारा.

‘अर्ली डिसिजन’ या लवकरच्या फेरीची मुदत साधारण १ नोव्हेंबरला संपते. हा अर्ज बंधनकारक असतो: निवड झाली की बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. मिळालेली मदत पुरेशी नसेल तर त्यातून बाहेर पडता येतं, पण वेगवेगळ्या विद्यापीठांची मदत समोर ठेवून तुलना करायची असेल तर जानेवारीच्या सुमारास संपणारी नेहमीची फेरीच बरी. तिचे निकाल मार्चअखेर लागतात आणि होकार साधारण १ मेपर्यंत कळवायचा असतो.

मदतीचं पत्र आलं की ‘ग्रँट’ आणि ‘लोन’ या दोन ओळी वेगळ्या करून वाचा. ग्रँट परत करायची नसते, लोन फेडायचं असतं. एकूण खर्चातून फक्त ग्रँट वजा करा. राहिलं ते तुमचं. तो आकडा झेपत नसेल तर कागदपत्रांसह फेरविचाराचा अर्ज करा. त्यानंतर पहिल्या वर्षाच्या खर्चाची सोय दाखवली की विद्यापीठ आय-२० हा व्हिसासाठी लागणारा कागद देतं. मग ३५० डॉलरचं सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांची अमेरिकन सरकारी नोंदणी) शुल्क भरून एफ-१ या विद्यार्थी व्हिसासाठी अर्ज करायचा.